विलायती कापडावरच्या बहिष्काराचा खरंच किती परिणाम झाला? (पणजीआजीच्या पाटल्यांवरून पडलेला प्रश्न)

महाद्वारचा_कापडवाला

नमस्कार मंडळी. आमचा कापडाचा धंदा, महाद्वार रोडला आतल्या गल्लीत दुकान आहे. थोरली पोरगी नववीला, तिच्या शाळेत वादविवाद स्पर्धा आहे, विषय आलाय "विदेशी मालावरच्या बहिष्कारानं इंग्रज सरकार हादरलं" आणि चिठ्ठी काढली तर तिच्या वाट्याला विरोधी बाजू आली. दोन दिवस झाले तोंड पाडून बसलीय. म्हणते पप्पा पुस्तकात बहिष्कार चांगला होता एवढंच लिहिलंय, मी उलट बोलले तर लोक काय म्हणतील.

मला विषय ऐकला आणि घरातलंच आठवलं. १९३० साली आमच्या पणजोबांचं दुकान बेळगावात होतं, कोल्हापुरात आम्ही नंतर आलो. दुकान म्हणजे दोन फळ्यांचं. माल मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटातनं आडत्याकडून उधारीवर यायचा, त्यात निम्मी मँचेस्टरची मलमल, लाँगक्लॉथ, धोतरजोड्या. मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, गावात प्रभातफेऱ्या निघायला लागल्या आणि पणजोबांनी एका रात्रीत ठरवलं की आता विलायती माल विकायचा नाही. कुणी दमदाटी केली नव्हती, पिकेटिंगवाले (दुकानापुढं उभं राहून गिऱ्हाइकाला विलायती माल घेऊ नका सांगणारे) दारात यायच्या आधीच त्यांनी गठ्ठे शिवले आणि माळ्यावर टाकले. पण आडत्याची हुंडी कुठं माळ्यावर टाकता येते, ती फेडायला पणजीच्या पाटल्या आणि बोरमाळ गेली. गठ्ठ्यांना पुढं कसर लागली.

घरात ही गोष्ट अभिमानानं सांगतात आणि मलाही अभिमान आहेच. पण आजी एक गोष्ट हळू आवाजात सांगायची, की सासूबाई त्यानंतर मरेपर्यंत हातात नुसत्या काचेच्या बांगड्या घालून राहिल्या आणि कुणाच्या लग्नात सोन्याचा विषय निघाला की उठून आत जायच्या.

तर माझा प्रश्न असा की त्या पाटल्यांचा मँचेस्टरला काही फटका बसला का? म्हणजे बहिष्कारानं नक्की काय झालं, कुणाचं नुकसान, कुणाचा फायदा? कुणाला आकडे, उदाहरणं माहीत असतील तर सांगा, पोरीसाठी पण आणि माझ्यासाठी पण.

निवृत्त_मास्तर

कापडवाले, तुमच्या पणजीबद्दल वाचलं आणि जरा वेळ तसाच बसून राहिलो. बत्तीस वर्षं इतिहास शिकवला, पण हुंडी कुणी फेडली हा प्रश्न वर्गात मी कधी विचारला नाही याचं आज वाईट वाटतंय.

पोरीला आधी हे सांगा की विरोधी बाजू मांडली म्हणून ती देशाच्या विरोधात जात नाही, तिनं बिनधास्त बोलावं. आता आकडे.

स्वदेशीचा विचार जुना आहे, लोकहितवादींनी १८४९ च्या सुमारास लिहिलंय, सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातमागाचे कपडे घालून गेले होते. पण हत्यार म्हणून बहिष्कार आला तो बंगालच्या फाळणीत. ७ ऑगस्ट १९०५ ला कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये ठराव झाला, ऑक्टोबरमध्ये पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली, टिळकांनी केसरीतून विषय लावून धरला आणि स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री झाली.

वर्षभरानं, म्हणजे सप्टेंबर १९०६ ला, कलकत्त्याच्या कस्टम कलेक्टरनं ऑगस्ट १९०५ शी तुलना करून आकडे नोंदवले. सुती कापडाची आयात २२ टक्के कमी, सूत ४४ टक्के, मीठ ११, सिगारेट ५५ आणि बूट-चपला ६८ टक्के. पोरीला ही यादी पाठ करायला लावू नका, तिला विचारा की बुटात ६८ आणि मिठात ११ असं का? बूट आणि सिगारेट वापरणारा माणूस शहरातला, शिकलेला, नोकरदार, सभेला जाणारा. त्यानं मनावर घेतलं आणि सोडलं. मीठ मात्र खेड्यातला गरीब रोज विकत घेतो आणि लिव्हरपूलचं मीठ स्वस्त मिळायचं. म्हणजे बहिष्कार कुठपर्यंत पोचला होता ते याच यादीत दिसतं. शिवाय कापडातली घट सगळी देशभक्तीची नव्हती, कलकत्त्याच्या मारवाडी व्यापाऱ्यांचं आणि मँचेस्टरवाल्यांचं सौद्याच्या अटींवरून त्याच वेळी वाजलं होतं.

१९२१ ला गांधीजींनी ३१ जुलैला परळला मोठी होळी केली. परदेशी कापडाची आयात १९२०-२१ ला १०२ कोटी रुपयांची होती ती पुढच्या वर्षी ५७ कोटींवर आली. जवळजवळ निम्मी! पण इथंही एक मेख आहे जी तुम्हाला दुकानदार म्हणून लगेच कळेल. महायुद्धानंतर रुपयाचा भाव दोन शिलिंगांच्या वर गेला होता, त्या भावानं व्यापाऱ्यांनी ऑर्डरी दिल्या, माल येईपर्यंत रुपया कोसळला, म्हणजे ठरलेल्या मालाला कितीतरी जास्त रुपये मोजायचे. अशा वेळी "आम्ही विलायती माल घेणार नाही" असं म्हणणं धंद्यालाही सोयीचं होतं. देशभक्ती खोटी होती असं मी म्हणत नाही, दोन्ही एकत्र होतं एवढंच.

आणि तुमच्या पणजोबांचं वर्ष. ब्रिटिश कापडाची आयात १९२९-३० ला १२४ कोटी ८० लाख वार, १९३०-३१ ला ५२ कोटी ३० लाख वार. निम्म्यापेक्षाही खाली. यात जागतिक मंदी आहे, जपानचा स्वस्त माल आहे, १९३० ला वाढवलेली जकात आहे आणि माळ्यावर टाकलेले गठ्ठेही आहेत. कुणाचा वाटा किती हे वेगळं काढून दाखवता येत नाही, पण मँचेस्टरला फटका बसला का याचं उत्तर हो, बसला.

महाद्वारचा_कापडवाला

मास्तर, बूट आणि मिठाची गोष्ट पोरीला सांगितली, ती एकदम उठून बसली. रुपयाचं तर मला आतून कळलं, आज डॉलर वर गेला की सुरतेचे लोक पण असाच जुना सौदा मोडायला बघतात. पण मग बहिष्काराचा फायदा कुणाला झाला?

माग_खडखड

मी इचलकरंजीचा, घरचे माग आहेत, आज्ज्यापासून. फायद्याचं मी सांगतो.

पहिला फायदा मुंबईच्या गिरण्यांना. बंगालात मागणी वाढली तसे गिरणीवाल्यांनी धोतरांचे भाव चढवले. बंगालातले पुढारी विनंत्या करत होते की बाबांनो देशासाठी भाव धरून ठेवा, ऐकलं नाही. त्याच सुमाराला गिरण्यांत विजेचे दिवे आले होते, मग पाळी अंधार पडल्यावर पण चालू, कामगार तेरा-चौदा तास उभा. १९०५ ला मुंबईत यावरून कामगारांचा उद्रेक पण झाला. स्वदेशी धोतर नेसणाऱ्याला ते कुणाच्या डोळ्यांच्या पाण्यावर विणलंय हे माहीत नसायचं.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट, जी भाषणात कुणी सांगत नाही. मास्तरांनी सांगितलं ना सूत ४४ टक्क्यांनी घटलं, तो आकडा वाचून माझ्या पोटात गोळा आला. कारण बारीक सूत हितं फारसं बनत नव्हतं त्या काळी, आपल्या गिरण्या जाड काउंटचं सूत काढायच्या. बारीक लुगडं, चांगलं धोतर विणायचं तर कोष्टी-साळी विलायती सूतच घ्यायचा. म्हणजे कापड स्वदेशी, माग स्वदेशी, हात स्वदेशी आणि ताणा मँचेस्टरचा. सुतावर बहिष्कार टाकला की पहिला आडवा झाला तो विणकर, ज्याच्यासाठी म्हणे हे सगळं चाललं होतं. ज्यांना जाड सूत चालायचं त्यांचे माग मात्र जोरात चालले, हेही खरं आहे, सगळं वाईटच झालं असं नाही.

आपल्या भागाचं बघा आता. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ ला बसला, नारायणराव घोरपडे सरकारांच्या पाठबळानं. कोल्हापुरात शाहू मिल १९०६ ची. किर्लोस्करवाडी १९१०, औंध संस्थानात. तळेगावचा पैसा फंडाचा काच कारखाना १९०८, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून. कऱ्हाडजवळ ओगलेवाडी १९१६, प्रभाकर कंदील तिथलाच. वर्षं नीट बघा, इचलकरंजीचा माग बंगालच्या फाळणीच्या आधीच बसलेला आहे. म्हणजे बहिष्काराच्या घोषणेनं माग बसत नाही, आधी कुणीतरी माग बसवून ठेवलेला असला तर बहिष्काराची मागणी त्याच्याकडं येते. आणि किर्लोस्कर, ओगले यांना खरी बाजारपेठ मिळाली ती महायुद्धात, जहाजंच येईनात तेव्हा. शाहू मिलचा भोंगा ज्यांनी ऐकलाय ते सांगतील त्याच्यावर किती घरं चालायची. त्या भोंग्यामागं होळी नव्हती, दरबारानं घातलेलं भांडवल आणि लक्ष होतं.

कोल्हापूर संस्थान, इंग्रजांचा रेसिडेंट डोक्यावर, शाहू महाराजांना उघड बहिष्कार बहिष्कार करता येणार नव्हतं आणि त्यांनी केलंही नाही. पण शाहूपुरी पेठ वसवली, मिल काढली. मला तर वाटतं पोरीनं हाच मुद्दा धरावा.

रंकाळ्यावरची

माग_खडखड दादांचं सुताचं वाचून डोळे उघडले. मी बायकांच्या बाजूनं सांगते.

माझी आत्याआजी पुण्यात १९३० ला पिकेटिंगला उभी राहायची, लग्न होऊन दोनच वर्षं झालेली. त्या एप्रिलात गांधीजींनी लिहिलं होतं की दारूच्या आणि विलायती कापडाच्या दुकानांवरचं पिकेटिंग बायकांनी हातात घ्यावं. ती म्हणायची, तोवर मी एकटी बोळाच्या टोकापर्यंत पण गेले नव्हते, आणि एकदम भर बाजारात, गिऱ्हाइकाला हात जोडून "हे घेऊ नका" म्हणायचं, अनोळखी पुरुषाच्या डोळ्याला डोळा देऊन! सासऱ्यांनी आठवडाभर तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. पण ती थांबली नाही आणि नंतर ती घरात कधीच पहिल्यासारखी राहिली नाही, हिशोबाची वही स्वतःकडं घेतली. हा परिणाम कुठल्या कस्टम कलेक्टरच्या वहीत सापडायचा?

पण हेही ती सांगायची की खादीचं नऊवारी लुगडं म्हणजे शिक्षा होती. जाडंभरडं, भिजलं की पिळवत नाही, उचलवत नाही, पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळायचं नाही आणि गिरणीच्या लुगड्यापेक्षा महाग. तिच्याकडं दोन होती म्हणून भागलं. त्यांच्याकडं धुणं धुवायला येणारी बाई म्हणाली होती, "बाईसाहेब मला एकच हाय, ते जाळलं तर मी नेसू काय." आत्याआजी हे वाक्य नव्वदाव्या वर्षी पण जसंच्या तसं सांगायची.

जाळण्यावरून तेव्हाही मोठमोठ्या लोकांत मतभेद होते. गांधीजींचे इंग्रज मित्र अँड्र्यूज यांनी त्यांना कळवळून लिहिलं होतं की जाळू नका. रवींद्रनाथ १९०५ ला स्वतः राखी बांधत कलकत्त्याच्या रस्त्यावर उतरले होते, आणि तेच पुढं गरिबांवरच्या जबरदस्तीमुळं या सगळ्यापासून लांब झाले. त्यामुळं तुमच्या लेकीला सांगा, ती एकटी नाहीये.

आणि एक घरगुती उदाहरण, भाषणात चालेल. तेव्हा परदेशी साखरेला आपल्याकडं मोरस साखर म्हणायचे, मॉरिशसची म्हणून. तिच्यावर पण बहिष्कार होता. आता ज्या मुलखात गूळ घरोघरी, तिथल्या बाईला साखर सोडायला काय लागतं? चहात गुळाचा खडा टाकला की झालं. दादा म्हणतात तसंच, घरात पर्याय असला की बहिष्कार जमतो.

हातकणंगलेकर

सगळं वाचलं, चांगलं चाललंय. मी एक वेगळी गोष्ट मांडतो, राग मानू नका.

तुम्ही सगळे "बहिष्कार" हा शब्द सहज वापरताय. आमच्या घरात हा शब्द ऐकला की माणसं गप्प होतात. आमचं गाव माणगावच्या शेजारी, जिथं मार्च १९२० ला परिषद झाली, बाबासाहेब अध्यक्ष आणि शाहू महाराज स्वतः आले होते. ती परिषद बहिष्कृत वर्गाची होती. म्हणजे एकीकडं देशात बहिष्कार हे इंग्रजांच्या विरोधातलं हत्यार म्हणून गाजत होतं आणि त्याच वेळी त्याच शब्दानं आमच्या पणज्याला पाणवठ्यावरून हाकलत होते.

हे मी भावनेपोटी सांगत नाही, याचा विषयाशी थेट संबंध आहे. मालावरचा बहिष्कार गावात लागू कसा करायचे? बंगालात जो विलायती कापड विकतो किंवा घेतो त्याला वाळीत टाकायचे. न्हावी नाही, धोबी नाही, भटजी नाही. म्हणजे माल बंद करायला माणूस बंद करायचा, आणि ते जातीच्या बळावर. पूर्व बंगालात जमीनदार आणि पुढारी बहुतेक वरच्या जातीचे हिंदू, कूळ मुसलमान किंवा नामशूद्र, म्हणजे तिथली अस्पृश्य मानलेली जात. त्या कुळानं स्वस्त कापड सोडून महाग घ्यावं म्हणून जमीनदाराची माणसं बाजारात उभी. १९०७ ला मैमनसिंग जिल्ह्यात जमालपूरला दंगल पेटली, कारणं बरीच होती पण जत्रेत विलायती माल विकणाऱ्यांना स्वयंसेवकांनी अडवलं हे त्यातलं एक. ज्या चळवळीनं बंगाल एक ठेवायचा होता तिच्यामुळंच दोन समाज लांब गेले. माझ्या मते विरोधी बाजूचा सगळ्यात भारी मुद्दा हा आहे, आकडे नंतर.

कापडवाल्या भावा, तुझ्या पणजोबांनी स्वतःहून केलं म्हणून त्याला मी हात जोडतो. स्वतःची हुंडी स्वतः फेडली. दुसऱ्याच्या अंगावरचं काढून नाही जाळलं.

शिवाजी_पेठ_९१

मला काही पटलं नाही भावांनो, सगळे मिळून बहिष्काराची पिसं काढताय. आकड्यानं सगळं मोजायचं का? १९०५ च्या आधी साहेबासमोर मान वर करायची कुणाची छाती नव्हती. १९०७ ला टाटांनी लोखंडाच्या कारखान्याचे शेअर काढले, लंडनला पैसा मिळत नव्हता म्हणून हितंच विचारलं, तर आठ हजार लोकांनी तीन आठवड्यांत सगळं भांडवल उभं केलं. ही स्वदेशीची हवा होती. १९०८ ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तर मुंबईचा गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेला, त्याला काय शेअर मिळणार होते का? आपल्या राजाराम कॉलेजात शिकवणारे विजापूरकर 'विश्ववृत्त' मासिकात छापलेल्या लेखापायी तुरुंगात गेले. आणि बाबू गेनू! आंबेगाव तालुक्यातलं पोरगं, मुंबईत गिरणीत कामाला, १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीला विलायती कापडाच्या ट्रकसमोर आडवं झालं आणि गेलं. बावीस वर्षांचं वय. त्याला आयात किती टक्के घटली ते बघायचं होतं का? पोरीला म्हणावं विरोधात बोल पण याचं नाव घेऊन बोल.

निवृत्त_मास्तर

पेठकर, तुमचा राग रास्त आहे आणि बाबू गेनूचं नाव घेतलंत ते बरं केलंत. गिरणीत राबणारा, अंगावर धड कपडा नसलेला माणूस कापडापायी मेला, त्या दिवशी मुंबईत काय वातावरण झालं असेल.

सरकार हादरलं का, एवढ्यापुरतं सांगतो. १२ डिसेंबर १९११ ला दिल्ली दरबारात फाळणी रद्द झाली, बरोबर, पण त्याच तोंडानं राजधानी कलकत्त्याहून हलवली. देशी गिरण्यांच्या कापडावर १८९६ पासून साडेतीन टक्के अबकारी होती, लँकेशायरची (मँचेस्टरच्या गिरण्यांचा मुलूख) सोय म्हणून बसवलेली. ती उठायला १९२५ चा डिसेंबर उजाडला. बहिष्काराच्या ठरावानंतर वीस वर्षं!

आणि लँकेशायर. सप्टेंबर १९३१ ला गोलमेज परिषदेला गेले असताना गांधीजी मुद्दाम डार्वेनला गेले, गिरणी कामगारांच्या वस्तीत राहिले. बहिष्कारामुळं आपलं काम गेलं असं मानणारी माणसं ती. त्यांनी गांधीजींचा जयजयकार केला, बायकांनी त्यांना गराडा घातला, तो फोटो प्रसिद्ध आहे. गांधीजींनी त्यांचं ऐकून घेतलं, पण बहिष्कार मागं घेतो असं काही म्हणाले नाहीत, आमच्याकडची उपासमार तुमच्यापेक्षा फार मोठी आहे हे त्यांना सांगितलं. कापडवाले, फटका मँचेस्टरला बसला म्हणालो ना मी, तो असाच बसला, तिथंही आधी मागावर उभ्या असलेल्या माणसाला.

महाद्वारचा_कापडवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दुकान बंद केल्यावर पोरीला हे सगळं मोबाईलवर वाचून दाखवलं, ती वहीत लिहून घेत होती. हातकणंगलेकर भाऊंचं वाचताना माझा आवाज अडखळला, मग तिनंच मोबाईल घेतला आणि पुढचं वाचलं.

तिनं भाषण असं बांधलंय. सुरुवात बाबू गेनूपासून (पेठकर, तुमचं ऐकलंय). मग बूट आणि मीठ, मग मँचेस्टरचा ताणा, मग वाळीत टाकणं. म्हणणं एवढंच की सरकार हादरायच्या आधी विणकर हादरला, कूळ हादरलं, आणि जिथं आधी माग नाहीतर गूळ होता तिथंच बहिष्कार टिकला. मला वाटलं होतं शेवटी ती पणजोबांचे गठ्ठे सांगेल. नाही म्हणाली, ते सगळे सांगतात, मी पणजीआजीचं सांगणार.

आता ती विचारतेय की पणजीचं नाव काय होतं. मला माहीत नाही. घरात सगळे त्यांना "बेळगावच्या आजी" म्हणायचे. पणजोबांचं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, त्यांचं कुठंच नाही. बेळगावला चुलत चुलत्यांकडं जुनी खतावणी आहे असं ऐकून आहे, पाटल्या गहाण टाकल्या की मोडल्या तेही त्यात असेल, आणि असलंच तर तिथं नाव असेल. स्पर्धा पुढच्या शनिवारी आहे, मी रविवारी सकाळच्या एसटीनं जाऊन येतो.